राजकीय प्रचाराचं काम आणि कलाकाराची जबाबदारी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी इलस्ट्रेटर आहे, अठरा वर्षं हेच करतेय. अधूनमधून शिकवायलाही जाते, आणि दर वेळी क्लास संपला की कोणीतरी मागे रेंगाळतं, बाकीचे बाहेर पडेपर्यंत बॅग आवरत बसतं आणि मग हळूच विचारतं, मॅडम, एका पक्षाचं काम आलंय, घेऊ का? प्रश्न वेगवेगळे असतात पण फिरून तिथेच येतात, म्हणून एकदा सगळे एका जागी लिहून ठेवतेय. यातली काही उत्तरं मला स्वतःला उशिरा सुचली, ते शेवटी सांगते.

पक्षाचं पोस्टर केलं म्हणजे लगेच प्रोपगंडा झाला का?

नाही. "या तारखेला सभा आहे, या चिन्हावर मत द्या" ही जाहिरात आहे, त्यात पाप नाही. प्रोपगंडा हा शब्दसुद्धा मुळात शिवी नव्हता, १६२२ मधे पोप पंधराव्या ग्रेगरीने धर्मप्रसारासाठी जी संस्था काढली तिच्या नावात तो होता, त्याला आजचा वाईट वास लागला तो मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतर. मी माझ्यापुरता एकच फरक बघते. हे चित्र बघणाऱ्याला काही सांगतंय, का त्याने विचारच करू नये म्हणून त्याच्या डोक्यावर बसतंय? दुसऱ्या प्रकारचं काम आलं की सावध व्हायचं, मग ते कुठल्याही बाजूचं असो, अगदी आपल्या बाजूचं असलं तरी.

म्हणजे कलाकाराने बाजूच घेऊ नये का?

असं मी कधीच म्हणणार नाही. १९३७ चं पॅरिसचं जागतिक प्रदर्शन घ्या. स्पेनच्या दालनात पिकासोचं गेर्निका हे चित्र लागलं होतं, त्याच नावाच्या गावावर झालेल्या बॉम्बहल्ल्यावरचं. ते सरळसरळ सरकारी काम होतं, यादवी युद्धात अडकलेल्या प्रजासत्ताक सरकारने प्रदर्शनासाठी सांगून करून घेतलेलं, आणि त्यामागचा हेतू राजकीयच होता. त्याच प्रदर्शनात लेनी रीफेनश्टाल या जर्मन दिग्दर्शिकेच्या, नाझी पक्षाच्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावरच्या फिल्मला मोठं बक्षीसही मिळालं. दोन्ही कामं सत्तेने मागितलेली, दोन्ही करणारे अफाट ताकदीचे.

आता नीट बघा. गेर्निकामधे बॉम्ब टाकणारं एकही विमान नाहीये, शत्रूचा चेहरा नाहीये, कुणाचा झेंडा नाहीये. मेलेलं मूल घेऊन आई आहे, घोडा आहे, जळणारं घर आहे, कुणावर तुटून पडा असं ते चित्र सांगत नाही, काय झालं ते बघा एवढंच म्हणतं. फिल्ममधे मात्र हजारो माणसं चौकोनी ठोकळ्यांसारखी मांडलीयेत, झेंड्याच्या उंच खांबाला लिफ्ट लावून कॅमेरा वर नेलाय, म्हणजे वरून बघताना माणूस माणूस राहत नाही, डिझाइन होतो, आणि एकच माणूस तेवढा माणूस म्हणून उरतो, तो कोण ते सांगायला नको. बाजू दोघांनीही घेतली, पण माणसाचं काय केलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण मेसेज त्यांचा, शब्द त्यांचे, मी फक्त चित्र काढतो. माझी जबाबदारी कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझं जे काही म्हणणं आहे ते सगळं या उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९३८ मधे जर्मनीत मुलांसाठी एक पुस्तक निघालं, त्याचं नाव मराठीत "विषारी मश्रूम" असं होईल. ज्यू लोकांचा द्वेष हाच ज्याचा धंदा होता त्या साप्ताहिकाच्या प्रकाशनाने ते काढलं होतं. लिहिणारा वेगळा, चित्रं काढणारा वेगळा. चित्रकार "फिप्स" या नावाने सही करायचा, १९२५ पासून तो त्या साप्ताहिकासाठी कार्टून काढत होता. मुखपृष्ठावर एक मश्रूम आहे, आणि त्याच्या दांड्यावर माणसाचा चेहरा. आतल्या पहिल्या गोष्टीत आई आणि मुलगा रानात मश्रूम वेचतायत, आई समजावते की चांगले कुठले आणि विषारी कुठले ते ओळखावं लागतं, माणसांचंही तसंच असतं. वाक्य म्हणून वाचलं तर पाच-सहा वर्षांचं पोर ते ऐकेल आणि दहा मिनिटांत विसरेल. चित्र विसरणार नाही. त्या चेहऱ्याचं नाक किती वाकडं, पापणी किती जड, ओठ किती ओले, हे प्रकाशकाने ठरवलेलं नसतं हो, त्याला ते येतच नसतं. ते हाताला माहीत असतं. कुणीतरी टेबलाशी बसून, दिवा जवळ ओढून, ती पापणी अजून जरा खाली आणलेली असते आणि मागे सरकून बघितलेलं असतं की हां, आता जमलं.

माझं म्हणणं हेच आहे. भीती कशी काढायची हे नेत्याला येत नाही, आपल्याला येतं. किळस कुठल्या रंगात असते, भव्यपणा कुठल्या अँगलमधे असतो, गर्दी कशी मांडली की पूर वाटते आणि कशी मांडली की जत्रा वाटते, हे आपलं ज्ञान आहे आणि पैसे त्याचेच मिळतात. मग चांगल्या रेषेचं कौतुक माझं आणि त्या रेषेने केलेलं काम मात्र क्लायंटचं, अशी वाटणी कशी चालेल? सही एकच असते.

मी टीममधे होतो, मी फक्त एडिटिंग / साउंड / रंग केले. मग?

वाटा कमी, पण शून्य नाही. स्वतःला विचारायचं की माझा तुकडा काढून घेतला तर ते काम तितकंच चाललं असतं का. कॅटरिंगवाल्याच्या बाबतीत हो. ज्याने घोषणेखाली नगाऱ्याचा ठोका बसवला त्याच्या बाबतीत नाही.

अशा कलाकारांना कधी शिक्षा झालीये का?

झालीये आणि नाहीही, आणि कुठे झाली कुठे नाही हे बघण्यासारखं आहे.

वर सांगितलेल्या साप्ताहिकाचा मालक-संपादक युलियस श्ट्राइखर याला युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवून ऑक्टोबर १९४६ मधे फाशी दिली, आणि ते मुलांचं पुस्तक खटल्यात पुरावा म्हणून मांडलं गेलं होतं. त्याने स्वतः कुणाला मारल्याचा आरोप नव्हता, लिहिण्या-छापण्यासाठीच शिक्षा झाली. चित्रकारालाही नंतर तुरुंगवास झाला. त्याच न्यूरेंबर्गमधे रेडिओवरचा प्रचारक हान्स फ्रिट्शे मात्र सुटला.

मग जर्मन दिग्दर्शक फाइट हार्लान. १९४० मधे त्याने ज्यू-द्वेषाची एक गाजलेली फिल्म काढली, आणि ती इतकी "उपयोगी" होती की हिमलरने आपल्या एसएस या नाझी दलाने आणि पोलिसांनी ती बघावी असा आदेश काढला. युद्धानंतर हॅम्बर्गमधे खटला चालला, एकदा नाही दोनदा, आणि दोन्ही वेळा तो निर्दोष सुटला. त्याचा बचाव होता की नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने जबरदस्ती केली. पण गोष्ट तिथे संपली नाही. एरिश ल्यूट नावाच्या माणसाने म्हटलं की कोर्टाने सोडलं असेल, आम्ही याच्या नव्या फिल्मवर बहिष्कार घालू, त्यावरून त्याच्यावरच केस झाली आणि १९५८ मधे जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ल्यूटच्या बाजूने निकाल दिला, की असं म्हणण्याचा त्याला हक्क आहे. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. कायद्याने सुटणं वेगळं आणि लोकांना जाब विचारायचा हक्क असणं वेगळं, हे त्यात स्पष्ट दिसतं.

आणि रवांडा. सिमॉन बिकिंडी तिथला लोकप्रिय गायक, १९९४ च्या नरसंहारात त्याची गाणी द्वेष पसरवणाऱ्या रेडिओवरून वाजत होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मधे त्याला १५ वर्षांची शिक्षा दिली, पण कशासाठी? गाण्यांसाठी नाही. जून १९९४ च्या शेवटी लाउडस्पीकर लावलेल्या गाडीतून रस्त्यावर त्याने तुत्सींना, म्हणजे ज्यांची कत्तल चालली होती त्या जमातीला, संपवा असं जे लोकांना सांगितलं, त्यासाठी. म्हणजे कायद्याला थेट चिथावणी लागते. गाण्याने आधी मनात काय पेरून ठेवलं ते कायद्याच्या फूटपट्टीत मावत नाही, आणि म्हणूनच "कायद्याने गुन्हा नाही ना, मग झालं" हे उत्तर मला कधीच पुरत नाही.

जीवाची भीती असेल तर? नाही म्हटलं तर तुरुंग असेल तर?

मग बोट दाखवणारी मी कोण. सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचचं उदाहरण देते. १९३६ मधे प्रावदा या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकाने त्याच्या ऑपेरावर तुटून पडणारा लेख छापला, तो काळ असा की अशा लेखानंतर माणसं गायब व्हायची. १९४८ मधे परत त्याच्यावर जाहीर ठपका ठेवला गेला. पुढच्या वर्षी त्याला न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेत सरकारचा प्रतिनिधी म्हणून पाठवलं, आणि तिथे भर सभेत त्याला विचारलं की देश सोडून गेलेल्या स्त्राविन्स्की या रशियन संगीतकाराच्या संगीताचा तुमच्याकडे जो धिक्कार झाला तो तुम्हाला मान्य आहे का. तो म्हणाला, मान्य आहे. ज्याचं संगीत तो मनातून मानत होता त्याच्याबद्दल. विचारणाऱ्यालाही उत्तर काय येणार हे माहीतच होतं. मला त्या सभेतल्या उत्तर देणाऱ्यापेक्षा, जिने त्याला तिथे उभं केलं त्या व्यवस्थेचा राग येतो.

पण एक मात्र आहे, हे कारण ज्याचं आहे त्यालाच वापरू द्यावं. क्लायंट नाराज होईल, पुढचं काम मिळणार नाही, ग्रुपमधून काढतील, याला जीवाची भीती म्हणत नाहीत. हार्लानने हेच कारण दिलं आणि आपणही देतो, आणि खरोखर जे मानेवर सुरी असताना गायले त्यांचा त्यात अपमान होतो.

घर चालवायचंय, पैशाचं काय?

हा प्रश्न खरा आहे आणि ज्यांना पोटाची काळजी नाही त्यांनी यावर भाषणं देऊ नयेत. मी सांगते ते एवढंच की सगळी कामं एका मापाची नसतात, पक्षाचं बॅनर, उमेदवाराचा फोटो नीट करून देणं, योजनांची माहिती मांडणं, हे पोटासाठी खुशाल करा आणि शांत झोपा. पण एखाद्या समूहाकडे बघून लोकांनी दात-ओठ खावेत असं काम असेल तर त्याचे पैसे कितीही असोत, ती उधारी आहे आणि ती दुसऱ्याच कुणाला तरी फेडावी लागते.

मी नाही केलं तर दुसरा कोणीतरी करेलच ना?

करेल. कदाचित तुमच्यापेक्षा वाईट करेल, आणि वाईट झालेला प्रोपगंडा कमी चालतो, हाही एक फायदाच की. या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवत नाही.

मी मनापासून विश्वास ठेवून केलं होतं, नंतर कळलं की चूक होतं. मग मी दोषी का?

इथे मला जर्मन चित्रकार केटे कोलविट्झ आठवते. १९१४ मधे पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिचा धाकटा मुलगा पेटर, अठरा वर्षांचा, युद्धावर जायला निघाला. वडील नको म्हणत होते, परवानगी तिने मिळवून दिली. ऑक्टोबरमधे तो बेल्जियममधे मारला गेला. पोस्टर तिने काढलं नव्हतं, पण त्या वेळच्या हवेत जे भरून राहिलं होतं त्यावर तिनेही विश्वास ठेवला होता. पुढे १९१८ मधे युद्ध हरत आलेलं असताना रिशार्ड डेमेल या कवीने उरल्यासुरल्यांनी स्वेच्छेने लढायला जावं असं जाहीर आवाहन केलं, तेव्हा तिने त्याला जाहीर पत्र लिहिलं, आणि गटेची ओळ वापरली: बियाण्याचं धान्य दळायचं नसतं. १९२४ मधे तिने "पुन्हा युद्ध नको" हे पोस्टर केलं, हात वर करून ओरडणारा एक तरुण. तो हात आणि ते उघडं तोंड बघितलं की कळतं की हे काढणाऱ्या बाईला कोणाचा आवाज ऐकू येत असेल.

विश्वास ठेवून केलेल्या चुकीचं ओझं कमी असतं, असं मला वाटतं. पण ते ओझं आपोआप उतरत नाही. कळल्यावर पुढे काय केलं, त्यावर ठरतं.

चांगल्या कामासाठी थोडं वाढवून दाखवलं तर काय बिघडलं?

बिघडतं, आणि फार नंतर बिघडतं म्हणून लक्षात येत नाही. १९१४ मधे जर्मन सैन्याने बेल्जियममधे हजारो नागरिक खरंच मारले होते, खरं तेवढंच पुरेसं भयानक होतं. पण जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या प्रचाराने त्यावर रचलेल्या गोष्टी चढवल्या, मुलांचे हात तोडल्याच्या वगैरे, चित्रकारांनी त्या रंगवल्या. युद्धानंतर त्या खोट्या निघाल्या आणि लोक म्हणाले, सगळंच खोटं असणार. मग वीस-पंचवीस वर्षांनी नाझींच्या कत्तलींच्या खऱ्या बातम्या यायला लागल्या तेव्हा अनेकांनी मान हलवली की हं, परत त्याच गोष्टी. त्या रंगवणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण पुढच्या खऱ्या किंकाळीवरचा विश्वास त्यांनी आधीच खर्च करून टाकला होता.

मोठा कलाकार असेल तर त्याला माफ करायचं का?

उलट. हात जितका चांगला तितकं नुकसान मोठं. १९१५ मधे ग्रिफिथने अमेरिकेत जी फिल्म काढली तिने सिनेमाची भाषा पुढे नेली असं अजूनही शिकवतात, आणि त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन ही काळ्या लोकांवर हल्ले करणारी गोऱ्यांची संघटना परत उभी राहिली, ती फिल्म त्यांनी पुढे भरतीसाठी वापरली. सुमार माणसाने काढली असती तर हे झालं नसतं. अशी कामं जाळावीत असं मी म्हणत नाही, मी स्वतः मुलांना दाखवते, पण एकटी सोडून दाखवत नाही, थांबवत थांबवत, इथे काय केलंय बघा, इथे तुम्हाला काय वाटलं, का वाटलं.

आता एआयने चित्र बनवतात, मग कलाकार उरलाच कुठे?

जो दहा चित्रांमधून एक निवडतो आणि म्हणतो "हे घ्या, यात माणसं जास्त खुनशी दिसतायत", तो कलाकारच आहे, त्याचा हात आता निवडीत आहे. फक्त पूर्वी ती पापणी खाली आणायला तासभर लागायचा आणि त्या तासात कदाचित मनात काही तरी हलायचं. आता तो तासच गेला, मला काळजी त्याची वाटते.

आधीच केलेलं असेल तर आता काय करता येईल?

नुसतं गप्प राहून दुसरं चांगलं काम करत राहणं हा एक मार्ग बरेच जण घेतात. अमेरिकन लेखक-चित्रकार डॉ. स्यूस घ्या, मुलांच्या पुस्तकांमुळे जगभर लाडका. तेव्हा अमेरिकेचं जपानशी युद्ध चालू होतं. १३ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कच्या एका दैनिकात त्याचं कार्टून आलं: अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जपानी वंशाच्या माणसांची लांबच लांब रांग, सगळ्यांचा चेहरा एकच, एका टपरीतून एकेक जण स्फोटकं घेऊन निघतोय, आणि छपरावर एक जण दुर्बीण लावून समुद्रापलीकडून इशारा येतोय का बघतोय. सहा दिवसांनी राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि साधारण १,२०,००० माणसं छावण्यांमधे डांबली गेली, त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. आदेश कार्टूनमुळे निघाला असं नाही, पण शेजाऱ्याला नेताना लोकांना अवघडल्यासारखं वाटू नये याची सोय अशाच चित्रांनी केली होती. १९५३ मधे तो जपानला जाऊन आला, पुढच्या वर्षी त्याचं जे पुस्तक आलं त्यात कितीही छोटा असला तरी माणूस माणूसच असतो असं सांगितलंय, आणि ते क्योतोच्या एका जपानी मित्राला अर्पण केलंय. अनेकांना ती माफी वाटते. मलाही ते पुस्तक आवडतं. तरी वाटतं, एकदा नाव घेऊन म्हणायला हवं होतं की ते कार्टून मी काढलं आणि ते चूक होतं, कारण छावणीत राहून आलेल्या माणसाने अर्पणपत्रिकेतून काय ते समजून घ्यावं ही अपेक्षा जास्तच आहे.

दुसरं टोक रीफेनश्टाल. १०१ वर्षं जगली आणि शेवटपर्यंत मी फक्त कलाकार होते हेच म्हणत राहिली. दुसऱ्या एका फिल्मसाठी तिने छावण्यांमधले रोमा आणि सिंती (ज्यांना जिप्सी म्हणायचे ते) लोक एक्स्ट्रा म्हणून वापरले होते, त्यातले बरेच नंतर आउशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवले गेले, आणि २००२ मधे ती बिनधास्त म्हणाली की ते सगळे मला युद्धानंतर भेटले, कुणालाच काही झालं नाही. वाचलेल्यांच्या बाजूने तक्रार झाल्यावर ते विधान मागे घ्यावं लागलं.

तुम्ही स्वतः कधी असं काम केलंय का?

हो. या कामाला लागल्यावर नवव्या की दहाव्या वर्षी. एका प्रचार मोहिमेसाठी गर्दीचं चित्र हवं होतं, बाहेरून येणारी माणसं, डोक्यावर बोचकी. मी पुढे एक बाई काढली होती आणि तिच्या कडेवर मूल, बाईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेलं. रफ पाठवला. फोन आला, सगळं मस्त आहे, फक्त ते पोर काढा, पोर दिसलं की लोकांना दया येते. मी एक शब्द बोलले नाही. कॉम्प्युटरवरच्या चित्रात मूल वेगळ्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर होतं, लेयर बंद केला, बाईचा हात रिकामा दिसायला लागला म्हणून तो जरा बदलला, मूठ वळली. वीस मिनिटं लागली. त्या मुठीने चित्र एकदम जोरदार झालं, हे मला तेव्हाच दिसलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं. पेमेंट वेळेवर आलं.

फाइल अजून माझ्याकडे आहे. वर्गात आता मी तीच उघडते, आधी मुठीचं चित्र दाखवते आणि मुलांना विचारते ही बाई कोण वाटते, ते सांगतात, मग मी लेयर चालू करते.